शू एक, शून अनेक

शहापूरच्या बाजारपेठेत दर शनिवारी वेखंडे सर चपला-बुटांच्या एका दुकानात शिरतात आणि विचारतात, "शून आहेत का?"

दुकानदार दर शनिवारी तेच उत्तर देतो. "तो कंपनी माल आमी नाय ठेवत सर. कल्याणला बघा."

सर खूश होऊन बाहेर येतात. त्यांना काही घ्यायचं नसतं. तो शब्द भरबाजारात एकदा मोठ्याने उच्चारायचा असतो, एवढंच. मग समोरच्या टपरीवर चहा, आणि टपरीवाल्यालाही एक धडा. "शू म्हणजे एक बूट. दोन झाले की शून. शूज नाय! शूज हे मागाहून घुसलेलं आहे."

टपरीवाला म्हणतो, "सर, साखर कमी टाकू का?"

ज्यांनी सरांना पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उंची बेताची, शर्टाच्या खिशात लाल पेन, हातात बारा महिने छत्री. सापगावच्या बाजूच्या एका हायस्कुलात त्यांनी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहेत. म्हणजे आधी पगार घेऊन लोकांच्या चुका काढायचे, आता फुकट काढतात. मी त्यांची विद्यार्थिनी. आमची वाडी गावाच्या कडेला, म्हणजे गावातला डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढे. वाडीतून दहावीला बसलेली मी पहिली मुलगी. सध्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, मोर्चे काढते आणि कार्यालयांच्या बाकांवर बसते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. बाकांवर तुम्हीही बसून बघा, मग बोलू.

सर माझं प्रत्येक पत्रक छापायच्या आधी तपासतात. मी सांगितलेलं नसतं, तरी तपासतात. "पत्रकबाई," हे त्यांनी मला ठेवलेलं नाव, "एका पानावर सतरा उद्गारचिन्हं? सरकार बहिरं आहे गो. बहिऱ्याला चिन्हं दाखवून काय उपयोग?" आणि सतरातली सोळा चिन्हं लाल पेनाने उडवतात.

तर शून. वर्गात सर फळ्यावर एक बूट काढायचे. तो बहुतेकदा होडीसारखा दिसायचा. त्याच्याकडे छडी करून म्हणायचे, "शू एक!" आम्ही साठ पोरं कौलं हलतील अशा आवाजात, "शून अनेक!" मी दहावीच्या पेपरात शून लिहिलं आणि माझा अर्धा गुण गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. सरांना वाटलं. त्यांनी स्वतः बोर्डाला अर्ज लिहिला आणि माझी सही घेतली. आयुष्यातला माझा पहिला निषेध-अर्ज तो. उत्तर अजून यायचं आहे. पुढे कळलं की अर्जांचं असंच असतं. त्या अर्थाने माझं शिक्षण वेळेवर सुरू झालं.

"पण सर, आता असं कोण म्हणतं?" मी एकदा विचारलं.

"कवी म्हणतात. जुन्या इंग्रजी कवितेत बघ. मेंढपाळ शून घालतो, यात्रेकरू शून घालतो, परी आली तरी शून घालून येते. आणि यमक बघ ना गो! शूजला यमक काय? लूज. झालं, कवितेला जुलाब. शूनला किती? मून आहे, नून आहे, जून आहे, सून आहे. घरातला स्पूनसुद्धा आहे."

सर कविता करतात, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. इंग्रजीतून करतात. वास्तुशांत, निरोप समारंभ, वर्षश्राद्ध, कुठेही म्हणतात. सगळ्या कवितांत कुणीतरी शून घालतं किंवा काढतं. किन्हवलीला एका लग्नात त्यांनी माईक धरला आणि नवऱ्यामुलीकडे बघत सुरू केलं, "ओ कम टु अस सून, ओ कम टु अस सून, लीव्ह बाय द डोअर युवर डस्टी शून." इंग्रजी कुणालाच कळलं नाही, पण 'सून' सगळ्यांना कळली. नवरदेवाची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मास्तर सुनंवर काय गोड बोलले गो! दोनदा नाव घेतलं." त्या घरी सरांना आजही पहिला मान असतो.

तानसा तलावावर त्यांची एक लांबलचक कविता होती. चंद्र, पाणी, काठावर काढून ठेवलेले शून. ती ऐकून मी भडकले. म्हटलं, "सर, तलाव आमच्या उशाशी, पाणी जातं मुंबईला, आणि पाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन डोंगर उतरतात. त्यांचं काय? चंद्राला काय तहान लागलीय?" सर छत्री उचलून निघून गेले. आठ दिवसांनी चिठ्ठी आणून दिली. दोनच ओळी होत्या.

"द वॉटर गोज टु मुंबई सून,
द वुमन वॉक्स विदाउट शून."

मला मान्य करावं लागलं. पाणी जातं, बाई अनवाणी चालते. आमच्या चार पानी पत्रकात एवढं सरळ कुठेच आलं नव्हतं.

आता बुटांची गोष्ट. मुरबाड तालुक्यात एक आश्रमशाळा आहे. नाव देत नाही, कारण नाव दिलं की चौकशी शिक्षकांची होते, बुटांची होत नाही. सर दर बुधवारी दोन बस बदलून तिथे जातात आणि फुकट इंग्रजी शिकवतात. एका बुधवारी मीही गेले. सरांनी फळ्यावर होडी काढली. "शू एक!" आणि चौसष्ट पोरं ओरडली, "शून अनेक!" चौसष्टच्या चौसष्ट अनवाणी. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. शाळेपासून ओढ्यावर आंघोळीला जायची वाट सगळी खडीची आणि करवंदीच्या काट्यांची. चौथीतली एक पोर टाच टेकवत नव्हती. विचारलं तर म्हणाली, "काटा आत गेला ताई, आन् तितंच राह्यला." पंधरा दिवस झाले होते. तिला घेऊन मी दवाखान्यात गेले आणि तिथल्या बाकावर बसूनच ठरवलं, या शाळेला बूट आणायचे.

त्याच सुमारास एका कारखान्याला आश्रमशाळांतल्या मुलांना बूट द्यायची उपरती झाली. ज्यांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला त्यांच्या नातवंडांना आता बूट. असो, बूट तर बूट. शाळांनी मागणीचं पत्र इंग्रजीतून द्यायचं, एक कार्यालय सगळ्यांची यादी करणार आणि ती यादी कारखान्याला जाणार. इंग्रजी म्हटल्यावर पत्र सरांनी लिहिलं. माझा मोबाइल वाडीत लागत नाही म्हणून खाली संपर्काला नंबरही सरांचाच दिला. इथे मी चुकले. कबूल आहे.

पुढच्या आठवड्यात सर छत्री फिरवत वाडीवर आले. चेहरा असा, जणू बोर्डाचं उत्तर आलं.

"पत्रकबाई, आज कार्यालयातला एक माणूस सुधारला."

"म्हणजे?"

"मॅडमचा फोन आलेला. बोलल्या, 'सर, तुमच्या शाळेचे शूज किती?' मी बोललो, 'शून.' त्या बोलल्या, 'काय?' मी बोललो, 'शून, मॅडम, शून!' तर त्या स्वतः बोलल्या गो, 'बरं, शून. नक्की ना?' मी बोललो, 'शंभर टक्के!' एका फोनमधे शिकल्या. हुशार बाई."

"आणि आकडा सांगितलात ना?"

"आकडा पत्रात आहे. तो काय परत विचारतील?"

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्याकडे शून्यातला य कुणी तोंडात घेत नाही. पोराला गणितात किती पडले? शून. विहिरीत पाणी किती? शून. मी स्वतः असंच बोलते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण सरांच्या तोंडी 'शून' म्हणजे बूट, हे माझ्या कानात इयत्ता पाचवीपासून बसलं होतं.

यादी लागली. अकरा शाळा होत्या. आमच्या शाळेपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: शून्य. शेरा, दूरध्वनीवरून खात्री केली.

वाडीतल्या पाच बायांना घेऊन मी मुरबाडला त्या कार्यालयात गेले. माझ्या मनात घोषणा तयार होती. मॅडमनी वही पुढे केली आणि माझ्याहून मोठ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी त्यांना परत विचारलं! नक्की का म्हणून विचारलं! शंभर टक्के म्हणाले. मला वाटलं, मिळाले असतील कुणाकडून बूट. चांगली गोष्ट आहे म्हटलं!"

घोषणा घशातच राहिली. शून म्हणजे काय ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्याबरोबरच्या ठकीमावशीने विचारलं, "बाय रडते का हसते गो?"

"हसतेय," मी म्हटलं.

"मंग देल बूट."

पण कागद हसत नाही. मॅडम डोळे पुसून म्हणाल्या, "खात्री केल्याचा शेरा मी मारलाय. आता बदलायचं तर ज्याने माहिती दिली त्याचा लेखी खुलासा पाहिजे, की मी चुकीचा शब्द वापरला. शुक्रवारी यादी जाणार. त्याच्या आत आणा, मी स्वतः दुरुस्ती करते."

मला ते सोपं वाटलं. दोन ओळींचा खुलासा मी बसमध्येच लिहिला आणि थेट सरांच्या घरी गेले. सरांनी चष्मा लावला, वाचलं आणि खिशातून लाल पेन काढलं. 'चुकीचा' या शब्दावर रेघ मारली.

"शब्द चुकीचा नाय. ऐकणारं चुकलं."

"सर, तसं लिहिलं तर मॅडमवर येतं. त्या घेणार नाहीत."

"मग 'जुना' लिही. 'अप्रचलित' लिही. चुकीचा मी लिहून नाय देणार."

"अहो, फक्त एक शब्द आहे!"

"म्हणूनच."

"शुक्रवार उद्या आहे सर."

"शुक्रवार दर आठवड्याला येतो. या शब्दाला चूक बोललेलं मी ऐकून घेणार नाय. बोर्डाचं नाय घेतलं, तुझं पण नाय."

मी ज्येष्ठांशी नीट बोलत नाही अशी तक्रार आहे, ती खरी आहे. मी म्हटलं, "पोरीच्या टाचेतून काटा काढला तेव्हा मी तिचे हात धरले होते. तुम्ही नव्हता तिथे. चौसष्ट पोरांच्या पायांपेक्षा तुम्हाला तुमचं यमक मोठं? तेही एका मेलेल्या शब्दाचं?"

सरांनी चष्मा काढला. त्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, परत मिटल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं वाक्य न तपासता सोडलं. मी चप्पल घालून निघाले आणि सापगावच्या पुलापर्यंत मनात त्यांच्याविरुद्ध एक अख्खं पत्रक लिहून काढलं. उद्गारचिन्हांसकट.

शुक्रवारी सकाळी मी मुरबाडला पोचले, ते कार्यालयाच्या दारात बसायच्या तयारीने. मॅडमनी मला बघून फाइल उघडली.

"येऊन गेले की. कार्यालय उघडायच्या आधीपासून पायरीवर बसले होते." त्यांनी कागद फिरवला. सरांचं अक्षर मी कुठेही ओळखीन. 'दूरध्वनीवर मी जो शब्द वापरला तो चुकीचा होता. चूक सर्वस्वी माझी. मागणी: चौसष्ट जोड.' खाली सही, तारीख, सगळं निळ्या शाईत.

"आणि बरं का," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "शूज म्हणाले हो. दोनदा. मला कसंतरीच झालं."

बूट आले. वाटपाचा कार्यक्रम झाला. पाहुणे येणार दहाला म्हणून पोरांना नऊपासून उन्हात रांगेत उभं केलं, पाहुणे आले साडेबाराला. प्रत्येकाने खोक्याला हात लावून फोटो काढले, एकाने तर तेच खोकं दोन पोरांना दिलं कारण पहिला फोटो हलला. मी तोंड उघडणार होते, मुख्याध्यापकांनी हात जोडले. गाड्या गेल्या. आणि मग कळलं की बुटांना नाड्या आहेत आणि चौसष्टांतल्या एकालाही नाडी बांधता येत नाही. काहींनी डावा-उजवा उलटा घातला होता, ते बदकासारखे चालत होते. दोन पोरींनी बूट छातीशी धरले होते. घातले तर मळतील म्हणून.

सर कार्यक्रमात कुठे दिसले नव्हते. आता ते ओसरीवर खाली मांडी घालून बसले होते आणि समोर पोरांची रांग. एकेक पाय मांडीवर घ्यायचा, तळवा हाताने पुसायचा, बूट चढवायचा, नाडी बांधायची. मी शेजारी बसले. मलाही नाड्या बांधायच्या होत्या, आणि दुसरंही काम होतं.

"सर, त्या दिवशी मी 'मेलेला शब्द' म्हटलं ते..."

"मेलेलाच आहे तो. शब्दकोशात लिहिलंय तसं." ते नाडीकडेच बघत होते. "आमची होती ना, ती चौथी शिकलेली. तिला इंग्रजीची भारी हौस. संध्याकाळी चुलीजवळ बसून शिकायची. चहाला टी बोलायची, मांजराला कॅट. मी तिला बैल शिकवला, ऑक्स. दोन बैल, ऑक्सन. ते तिला लगेच पटलं, बैलांचं घर ना तिचं." त्यांनी गाठ ओढली. "मग एकदा तपासणीला साहेब आलेले, घरी चहाला आणले. श्रावण होता. त्यांचे बूट दारात भिजत होते. हिने ते उचलून आत आणले आणि साहेबांना बोलली, 'सर, युवर शून आर वेट.'"

पोराने पाय काढून घेतला, दुसऱ्याने पुढे केला.

"ऑक्सचं ऑक्सन, तर शूचं शून. कुनी शिकवलं नव्हतं गो. तिनं स्वतः जुळवलं. आणि साहेब हसले. मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. इंग्रजीचा मास्तर ना मी."

मी हातातल्या बुटात नाडी ओवत राहिले.

"त्यानंतर नाय बोलली ती इंग्रजी. कधीच. टी पण नाय. 'चहा घ्या' बोलायची, आणि कप ठेवून आत जायची. सतरा वर्षं. ती गेल्यावर चौथ्या वर्षी शाळेची रद्दी निघाली, त्यात एक जाडा शब्दकोश होता. सहज उघडला. तर तिथं लिहिलेला. शून, शूचं जुनं अनेकवचन, कवितेत येतं." सरांनी नाडीचा फास केला, तो सुटला, परत केला. "बरोबर होती ती."

ओसरीच्या पलीकडे पोरं नव्या बुटांनी नुसतीच पाय आपटत होती. फरशीवर एवढा आवाज त्यांच्या पायांनी आधी कधी केला नव्हता.

"मग सर," मी विचारलं, "चुकीचा होता असं लिहून कसं दिलंत?"

"लिहिलंय त्यात, चूक सर्वस्वी माझी. खरी चूक केली तेव्हा माझ्याकडून कुनी लिहून घेतलं नाय."

इतकी वर्षं मी या माणसाच्या घरी जाते. पाणी पिते, भांडते, पत्रकं तपासून घेते. भिंतीवर एका बाईचा फोटो आहे हे मला माहीत होतं.

"काकींचं नाव काय सर?"

त्यांचे हात थांबले.

"सुगंधा," सर म्हणाले, आणि पुढच्या पोरीचा पाय त्यांनी मांडीवर घेतला.